नांगरवही: सहावा मुक्काम

काल रात्री फक्त एकदाच उठलो, तेही मतलई, म्हणजे रात्री जमिनीकडून येणारा वारा, सुटल्यावर होडी फिरली म्हणून. या हंगामातला हा पहिला शांत मुक्काम.

आधीच्या पाच रात्री मी वाऱ्याचाच आडोसा शोधत होतो. तिसऱ्या मुक्कामाला वारा पार पडला होता, तरी होडी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहिली. लांबून येणारी लाट भूशिराच्या टोकाशी उथळ पाण्यात मंदावते आणि वळून आत शिरते. वारा नसला की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुठेही फिरते आणि तीच लाट आडवी लागते. म्हणून आता आत शिरल्यावर आधी किनाऱ्याची फेसाची रेघ बघतो. ती जिथे सर्वांत बारीक, तिकडे वळायचं.

काल खोली मोजायच्या शिशाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस भरून ते खाली सोडलं. पहिल्या जागी ग्रीस कोरडं आलं, वर एक ओरखडा. म्हणजे खडक. साठ-सत्तर मीटर आत सरकलो, तर राखाडी चिखल आणि शिंपल्यांचा चुरा चिकटून आला. नकाशावर दोन्ही जागा एकाच रंगात होत्या!

साखळीचा हिशोबही सुधारला. ओहोटी संपताना खोली 4 मीटर होती. पूर्वी खोलीच्या पाचपट म्हणून 20 मीटर सोडून मोकळा झालो असतो. पण भरतीचं पाणी 2 मीटर चढणार, नाळेची उंची 1 मीटर, म्हणजे हिशोब 7 मीटरचा. 20 मीटर त्याच्या तिपटीलाही पुरत नाहीत. 35 सोडली. एवढ्या साखळीवर होडी पूर्ण फिरली तरी काही आड येऊ नये, हे चहूबाजूंनी पाहून घेतलं. संध्याकाळी पाठीशी किनारा असतो, मतलईत त्याच बाजूला मोकळं पाणी येतं.

मग इंजिन हळूहळू मागे, हात साखळीवर. आधी बारीक थरथर लागली, म्हणजे नांगर घसरत होता. मग एक हिसका, आणि साखळी ताठ, गप्प. किनाऱ्यावरचं झाड आणि त्यामागची घळ एका रेषेत धरून पाच मिनिटं पाहिलं. रेषा हलली नाही. नाळेवरचा पांढरा दिवा लावला आणि आत गेलो.

सकाळी नांगर वर घेतला, तर पात्यावर तोच राखाडी चिखल, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट.