तुम्ही विचारलेत म्हणून: विद्यार्थ्यांचे पहिले तीन महिने

"पोरांना तीन महिने नुसते बसवून का ठेवता?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारते. कधी एखाद्या विद्यार्थिनीचे वडील ठाण्याहून फोन करतात, कधी आमच्याच केंद्रातले एखादे गाइड, म्हणजे प्रबंधाचे मार्गदर्शक, जिन्यात गाठतात, आणि विद्यार्थी तर विचारतातच. नवी मुंबईतल्या मुलांच्या एका रुग्णालयाला जोडलेल्या संशोधन केंद्रात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाचे काम मी पाहते. पहिले तीन महिने त्यांनी सकाळी आठ ते एक थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या डे केअरमध्ये, म्हणजे मुले रक्त चढवून त्याच दिवशी घरी जातात त्या वॉर्डात, बसावे, एकही नमुना घेऊ नये, एकही फॉर्म भरू नये, आणि दर शुक्रवारी गाइड समोर नसताना रुग्णालयातल्या समाजसेविकेशी तासभर बोलावे, हा नियम माझा आहे. आजवर मी "अनुभव मिळतो" असे मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली. या वेळी नीट लिहिते.

विचारणाऱ्यांचा हिशेब चुकीचा नाही, हे आधी मान्य करते. जेआरएफचे, म्हणजे सुरुवातीच्या संशोधन फेलोशिपचे, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, तेही वेळेवर जमा होतीलच याची खात्री नसते, आणि एसआरएफ, म्हणजे पुढची वरिष्ठ फेलोशिप, धरून सगळी पाच वर्षांत संपते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंध सहा वर्षांत द्यायचा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षे मिळतात. खारघरमध्ये तिघींत एक खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला यातले तीन महिने किती मोठे वाटत असतील ते मला समजते. मी २०१७ मध्ये आले तेव्हा जेआरएफ २५,००० रुपये होती, आणि मला कोणी असे बसवले असते तर मीही तक्रार घेऊन गेलेच असते.

थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे या आजाराच्या तीव्र प्रकाराच्या, मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, एकच असूनही एका मुलाला तान्हेपणीच रक्त सुरू करावे लागते आणि दुसऱ्याचे काही वर्षे निभावते, असे का, हा माझा विषय होता. त्यासाठी गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, मुलाच्या रक्तात किती उरले आहे ते मोजायचे. मागच्या वेळच्या दात्याच्या पेशी रक्तात असतातच; नवी पिशवी लागली की मोजण्यात अर्थच राहत नाही. म्हणून नमुना घेण्याची संधी सकाळी एकदाच, क्रॉसमॅचसाठी, म्हणजे दात्याचे रक्त जुळते का ते पाहण्यासाठी, सिस्टर सुई टोचतात तेव्हा. ती हुकली की पुढचे तीन-चार आठवडे गेले.

२०१८ च्या पावसाळ्यातल्या एका सकाळी पेणहून एसटीने आलेली नऊ वर्षांची मुलगी खाटेवर बसली होती. तिच्या आईने संमतीपत्रावर सही केली होती. माझ्या हातात जांभळ्या टोपीची, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची बाटली होती. मी तिला पाठ असलेली वाक्ये सांगितली: वेगळी सुई नाही, आहे त्याच सुईतून थोडेसे जास्त, दोन मिली. तिने विचारले, "म्हणजे किती?" मी म्हटले, "अर्ध्या चमच्याहूनही कमी." ती थोडा वेळ बाटलीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "माझ्यात कमी आहे म्हणून तर मी इथे येते ना? मग तुम्ही घेता कशाला?" मला हसू आले, हे मी लपवत नाही. मी पुन्हा समजावले. ती म्हणाली, "नको." तिची आई म्हणाली, "घ्या हो ताई, तिचं काय ऐकता, ती सगळ्यालाच नको म्हणते." सिस्टरने माझ्याकडे पाहिले. त्यांच्यापुढे आणखी अकरा मुले होती आणि सुई आत गेलेली होती. मी मान हलवली. रक्त घेतले गेले. मुलगी रडली नाही, हात मागे ओढला नाही. फॉर्मवर "बालकाची तोंडी संमती" असा रकाना होता, त्यात मी "होय" वर खूण केली, बाटली बर्फात ठेवली आणि लॅबच्या इमारतीकडे धावले. पुढच्या खेपेला मी तिच्या खाटेजवळून गेले तेव्हा तिने कोपरापर्यंतचा हात आईच्या ओढणीखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर अनेक महिने, मी दिसले की, ती हेच करायची.

मला नियम माहीत नव्हता असे नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी संमती लागते आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी. दोन दिवसांच्या कार्यशाळेत याच प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिले होते आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ते प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे.

हे मी अकरा महिने कोणाला सांगितले नाही. सांगायचे तरी कोणाला? निवासी डॉक्टरच्या डोक्यावर वॉर्डात सीनियर असतो, एखादे मूल दगावले तर त्यांची बैठक होते, निदान कॅन्टीनमध्ये एकमेकांजवळ बोलतात. आम्ही नोंदणीने विद्यापीठाचे, टेबलाने लॅबचे आणि कामापुरते वॉर्डाचे, ओळखपत्रावर "प्रशिक्षणार्थी". शेवटी गाइडना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आईची सही आहे ना? मग झालं." ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना मला वाचवायचे होते. मी तरीही एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनातली नैतिकता पाहणाऱ्या समितीला, पत्र लिहिले. हा प्रसंग सांगताना लोक या ठिकाणी मला धीट म्हणतात, म्हणून लगेच पुढचे सांगते. तिचा नमुना नष्ट करण्यात आला, आणि कमिटीने बाकीच्या मुलांच्या फॉर्मबद्दल विचारले. मी ते पुढ्यात घेऊन बसले. सगळ्यांवर माझ्याच अक्षरातली "होय" ची खूण. त्यातल्या सतरा मुलांनी खरोखर काय म्हटले होते, ते मला आठवेना. नकार दिला असेल असे नाही; मी विचारले होते की नाही, हेच आठवेना. ते सतरा नमुनेही गेले. माझा प्रबंध लांबला तो या कारणाने, घरी मी "मशीन बंद होते" असे सांगितले होते.

तर त्या तीन महिन्यांचे मूळ हे. पण २०१८ मधली मी या नियमावर हसली असती, आणि तिचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणेल, मला माहिती कमी नव्हती, घाई जास्त होती. तुम्ही माझे तीन महिने घेतलेत तर घाई आणखी वाढेल. खरे आहे. शिवाय आता आमच्याकडे दुसरा नियमही आहे: ज्याच्या प्रबंधाला नमुना हवा आहे त्याने संमती विचारायची नाही, समाजसेविका विचारते. एका गाइडनी मला सरळच विचारले की, मग विद्यार्थ्याला बसवायचे कारण काय उरले? मी म्हटले, निदान चुकले तर सांगायला कोण आहे ते त्याला माहीत असेल. ते म्हणाले, त्यासाठी एक शुक्रवार पुरे. गेल्या वर्षी एक हुशार मुलगा दुसऱ्याच महिन्यात सोडून बंगळुरूला गेला. जाताना म्हणाला, "मॅडम, मी इथे लुडो खेळायला आलो नव्हतो." त्याला अडवण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

पेणची ती मुलगी आता सोळा वर्षांची आहे. या वर्षी एका नव्या अभ्यासासाठी समाजसेविकेने तिच्यापुढे फॉर्म ठेवला, तेव्हा मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. नियमाप्रमाणे तिची लेखी संमती हवी होती. समाजसेविका पहिल्या पानावरच होती, तेवढ्यात ती म्हणाली, "द्या, कुठे सही करू?" आणि मोबाइलवरून नजर न हटवता सही करून मोकळी झाली. कोपऱ्यात माझी नवी विद्यार्थिनी बसली होती, तिचा दुसरा महिना चालू होता. त्या दिवसाच्या तिच्या टिपणात एकच ओळ होती: "सही अठरा सेकंदांत." खाली तिने मला विचारले होते की, ही संमती धरायची का. फॉर्म पूर्ण आहे, कमिटीची हरकत असण्याचे कारण नाही, असे मी लिहून दिले. दुसऱ्या दिवशी तिने ते टिपण पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवले. प्रश्नाखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती.