पान ७१ वरचा कर्ण

मुलांच्या एका कथापुस्तकात, द्रौपदीच्या स्वयंवराच्या गोष्टीत, पान ७१ वर कर्ण धनुष्य उचलतो, ते वाकवतो आणि प्रत्यंचा चढवतो. तो बाण लावणार तेवढ्यात द्रौपदी मोठ्याने म्हणते, "मी सूताला वरणार नाही," आणि कर्ण सूर्याकडे पाहून संतापाने हसतो व धनुष्य टाकून देतो. पान ७३ वर सभेतले ब्राह्मण आपापसांत कुजबुजतात, की जे धनुष्य कर्ण, शल्य यांच्यासारख्यांनाही वाकवता आले नाही, ते हा दुबळा बटू कसे वाकवणार? ही पाने मी त्याआधी तीन वेळा वाचली होती आणि तिन्ही वेळा मला हा विरोध दिसला नव्हता. चौथ्या वाचनात तो दिसला, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि संध्याकाळी सहाला पाचव्या फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या पाचव्या संचाच्या, छपाईच्या प्लेट्स निघायच्या होत्या.

मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर, आहे. पुण्याच्या एका लहान प्रकाशनसंस्थेत गेली एकोणीस वर्षे हे काम करते आहे. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासतो असे लोकांना वाटते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. पहिले मुद्रित, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची प्रत, मी लेखकाच्या हस्तलिखिताशी ओळीओळीने ताडून पाहते. दुसऱ्यात सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, आणि त्या करताना शेजारची ओळ बिघडली का, हे पाहते. तिसरे मुद्रित शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचते, कारण गोष्टीच्या ओघात डोळा चुका ओलांडून पुढे जातो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना या पुस्तकातल्या 'धृष्टद्युम्न' या नावातले जोडाक्षर चौदा ठिकाणी फुटले होते. ती चौदाही ठिकाणे मी पकडली, याचा मला अभिमान आहे. पण उलट्या वाचनात शब्द सापडतात, विरोध सापडत नाही. त्यासाठी गोष्ट गोष्टीसारखी वाचावी लागते आणि त्या चौथ्या वाचनाला आमच्या व्यवसायात कोणी वेळ देत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांची पाच-पाच वाचने होतात, मुलांच्या गोष्टींना मात्र तीन पुरेशी मानली जातात. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. ते चौथे वाचन मी आदल्या रात्रीपासून स्वतःच्या वेळेत करत होते.

पुस्तक स्वयंवराच्या पाच कथांचे होते: सीता, दमयंती, काशीच्या तीन राजकन्या, द्रौपदी आणि रुक्मिणी. वाचक दहा ते तेरा वर्षांचे. लेखक संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचा अभ्यास पक्का आहे. सीतेच्या कथेत त्यांनी रावणाला आणले नव्हते, कारण वाल्मीकींच्या बालकांडात धनुर्भंगाच्या वेळी तो तेथे नाही. राजांची भरलेली सभाही तेथे नाही. इतर राजे आधीच येऊन, हरून आणि मिथिलेला वर्षभर वेढा घालून परतलेले असतात; मग आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून ते धनुष्य ओढत आणले जाते. द्रौपदीच्या कथेतही त्यांनी मासा घातला नव्हता. द्रौपदीचा भाऊ धृष्टद्युम्न याच्या घोषणेत मासा नाही आणि तेलातले प्रतिबिंबही नाही. उंचावरचे यंत्र, त्याचे छिद्र, त्यापलीकडचे लक्ष्य आणि 'खगमैर्दशार्धैः', म्हणजे दहाच्या निम्मे, पाच बाण, एवढेच आहे. चित्रकाराने मात्र सवयीने मासा आणि कढई रंगवली होती. दुसऱ्या मुद्रिताच्या वेळी मी हरकत घेतली, तीन दिवस वाद झाला आणि चित्र नव्याने काढले गेले. त्यामुळे आता चित्रकाराकडे पुन्हा काही मागायला मला तोंड उरले नव्हते. शिवाय मजकूर फक्त काळ्या शाईत असतो, म्हणून अक्षर बदलले तर एकच प्लेट पुन्हा काढावी लागते. चित्र बदलले तर चारही. आणि ७० व ७१ या समोरासमोरच्या पानांवर पसरलेले ते नवे चित्र नेमके कर्णाचे होते. हातातून सुटणारे धनुष्य, वर वळलेली मान, चेहऱ्यावर ऊन. आमच्या संस्थेने छापलेले इतके चांगले चित्र मला दुसरे आठवत नाही.

सरांनी दोन्ही प्रसंग मनाने लिहिलेले नसणार, हे मला ठाऊक होते. कार्यालयात नीलकंठांच्या टीकेसह, म्हणजे भाष्यासह, छापलेली महाभारताची जुनी प्रत आहे. नीलकंठ चतुर्धर यांचे घराणे कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीला राहून त्यांनी ही टीका लिहिली आणि पुढे त्यांचाच पाठ सर्वत्र रूढ झाला. त्या प्रतीत दोन्ही आहेत: 'नाहं वरयामि सूतम्' हे द्रौपदीचे वाक्यही आणि थोड्याच श्लोकांनंतर 'यत्कर्णशल्यप्रमुखैः' ही ब्राह्मणांची कुजबुजही. मग मी रिक्षाने भांडारकर संस्थेत गेले आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतले, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीतले, आदिपर्व काढून घेतले. १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेले हे काम. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली आणि आदिपर्व स्वतः विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३ पर्यंत सिद्ध केले. माझ्या व्यवसायातल्या माणसाने त्या पानांपुढे नम्रच व्हावे. वर संहिता आणि खाली बारीक टाइपात पाठभेद, प्रत्येक हस्तलिखिताच्या खुणेसह.

ब्राह्मणांची कुजबुज वर, संहितेत होती. द्रौपदीचे वाक्य खाली, टीपेत होते. म्हणजे संपादकांच्या निर्णयानुसार ते मागाहून आत आलेले होते. कोणीतरी, केव्हातरी, कर्णाच्या हातात धनुष्य दिले, ते वाकवू दिले आणि द्रौपदीला बोलते केले. पण पुढे काही श्लोकांवर कर्णाला हे जमले नाही असे सांगणारी जुनी ओळ उभी आहे, याकडे त्याचे लक्ष गेले नाही. दुरुस्ती केली आणि शेजारची ओळ तपासली नाही. ही चूक मी रोज पाहते.

परत येताना रिक्षात मला उत्तर सोपे वाटत होते. टीपेतले वाक्य काढायचे, संहितेतले ठेवायचे. पान चार ओळींनी कमी भरेल, ते वरच्या परिच्छेदात थोडी जागा सोडून जमवता येईल. चित्राचे काय करायचे, हे मात्र सुचत नव्हते. कार्यालयात येऊन त्या चार ओळींवर काट मारण्यासाठी पेन उचलले आणि सवयीप्रमाणे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचले, तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. या चार ओळी गेल्या, तर संपूर्ण स्वयंवरात द्रौपदी एक शब्दही बोलत नाही. भाऊ घोषणा करतो, भाऊ राजांची नावे वाचून दाखवतो, राजे उठतात आणि बसतात, अर्जुन लक्ष्य भेदतो आणि ती पांढरी माळ घेऊन स्मित करत त्याच्याकडे जाते. ज्या विधीच्या नावातच 'स्वतः वरणे' आहे, त्यात वधूचे एकच वाक्य आणि तेही टीपेतले.

मी सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हेच ऐकलंय. आपण काढलं तर पालक म्हणतील, पुस्तकात चूक आहे." प्रकाशकांना फक्त वाद नको होता, काढल्याने वाद होईल की ठेवल्याने, हे मीच ठरवावे असे त्यांचे म्हणणे होते. वेळेची मर्यादा घालणारी माणसे निर्णयाची जबाबदारी मात्र सहज दुसऱ्याकडे सोपवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आमचा अक्षरजुळणी करणारा सहकारी तिशीतला आहे, फार बोलत नाही. पान पडद्यावर उघडून तो माझ्या सूचनेची वाट पाहत होता. मी त्याला सगळे सांगितले, कारण ओळी काढल्यावर पान त्यालाच सावरावे लागणार होते. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मॅडम, सातवीत गॅदरिंगला मी कर्ण झालो होतो. त्यानंतर वर्षभर वर्गातली मुलं मला सूतपुत्र म्हणायची. माझं काम चांगलं झालं म्हणून नाही म्हणायची." मला वाटले, तो ते वाक्य काढा असे सांगतो आहे. तो म्हणाला, "पण काढू नका. काढलंत तर कर्णाला ते जमलंच नाही, एवढंच राहील."

त्या वेळी पावणेपाच झाले होते. मी पान ७१ ला हात लावला नाही. पान ७३ वरच्या 'कर्ण, शल्य यांच्यासारख्यांनाही' या शब्दांतून कर्णाचे नाव काढले आणि 'शल्यासारख्यांनाही' असे केले. एका ओळीतली दुरुस्ती, पान हलले नाही, चित्र शाबूत राहिले आणि विरोध मिटला. मुद्रितशोधनाच्या दृष्टीने ती निर्दोष दुरुस्ती होती. सहा वाजता फाइल गेली.

रात्री घरी आल्यावर मी काय केले आहे ते माझ्या ध्यानात आले. जी ओळ संहितेची होती, तिच्यातून मी कर्णाला पुसले आणि जी मागाहून आलेली होती, ती वाचवली. ज्या अज्ञात माणसाने ते वाक्य घातले, त्याचे अर्धे राहिलेले काम मी पूर्ण केले. सहकाऱ्याचे म्हणणे ऐकून मी हे केले, असे म्हणून मी सुटू शकत नाही. काकपद, म्हणजे शब्द घालण्याची खूण, आणि काट मारणारा हात माझा होता. आणि तरीही त्याचे म्हणणे खोटे होते असे मला आजही वाटत नाही. ज्याने ते वाक्य रचले, त्यालाही कदाचित कर्ण नुसता हरलेला नको होता. तो अडवलेला हवा होता.

पुढचे काही महिने मी आदिपर्वातले ते अध्याय सरांच्या मजकुराशी ताडून पुन्हा वाचले आणि मला जे सर्वाधिक खटकते, ते तेव्हा सापडले. धृष्टद्युम्न स्वयंवराचा पण सांगताना म्हणतो, हे कर्म करणारा 'कुलेन रूपेण बलेन युक्तः' असावा. कुळाची अट भाऊच घालतो, सर्वांत आधी, आणि ती संहितेत आहे. तोच लगेच पुढे बहिणीला आलेल्या वीरांची नावे सांगताना कर्णाचेही नाव घेतो. शेवटी अर्जुन जिंकल्यावर राजे चिडून ओरडतात, 'स्वयंवरः क्षत्रियाणाम्', स्वयंवर क्षत्रियांचे असते, ब्राह्मणाला हा अधिकार नाही. हेही संहितेत आहे. सरांनी ही दोन्ही वाक्ये गाळली होती. मुलांना जड होतील म्हणून, त्यांच्या सद्हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यामुळे आमच्या पुस्तकात जन्माचा प्रश्न एकाच जागी उरला आणि तो एका मुलीच्या तोंडी उरला. भावाने घातलेली अट गेली, राजांची ओरड गेली आणि दोष तेवढा द्रौपदीकडे राहिला. हस्तलिखिताशी ताडून पाहणे हे माझे काम; मुळाशी ताडून पाहण्याचे काम त्या पुस्तकात कोणाचेच नव्हते. ते मी मागून घ्यायला हवे होते.

दुसऱ्या आवृत्तीचे काम याच महिन्यात सुरू झाले. पान ६९ वरच्या घोषणेत कुळाची अट घालावी आणि पान ७५ वर राजांचे वाक्य यावे, असे मी सरांना पत्राने कळवले आहे. पहिले त्यांनी मान्य केले, दुसऱ्यावर विचार करून सांगतो म्हणाले. पान ७३ वर मी काकपद देऊन 'कर्ण' हा शब्द जागेवर परत आणला आहे. पान ७१ वरच्या चार ओळींखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात अजून काही लिहिलेले नाही. मुद्रित शुक्रवारी परत द्यायचे आहे.