एक्के लपवायची सवय

आमच्याकडे दिवाळीत गच्चीवर सतरंजी टाकून तीन पत्ती बसते. बूट (डावाआधी प्रत्येकाने टाकायचे पैसे) दोन रुपये. तिथे लहानपणापासून एकच धडा पाहिला: ट्रेल (तीन सारखी पानं) लागली की चेहरा पाडायचा, हळूहळू चाल द्यायची आणि सगळ्यांना आत येऊ द्यायचं. माझे मामा तर हातात तीन राजे असले की हटकून मामीकडे पाणी मागतात. हे आता घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मामांनी पाणी मागितलं की आम्ही पॅक करतो, म्हणजे पानं टाकून देतो. तो विषय वेगळा.

हीच सवय घेऊन 2024 च्या पावसाळ्यात मी ऑनलाइन पोकरच्या छोट्या स्पर्धांत उतरलो. नाशिकच्या अंबडला सेकंड शिफ्ट, साडेबाराला सिडकोत घरी, जेवण झालं की झोप यायला दीड वाजतो. तेवढ्यात एक स्पर्धा. नऊ जणांचं टेबल, प्रवेश ₹55. त्यातले ₹5 कंपनीचे, उरलेल्या ₹450 मधले पहिल्याला 225, दुसऱ्याला 135, तिसऱ्याला 90. प्रत्येकाला 1500 चिप्स आणि सुरुवातीचे ब्लाइंड 10 आणि 20. (इथे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं नव्हे, दोघांना सक्तीने टाकावे लागणारे चिप्स. पहिले दोन दिवस माझा यातच गोंधळ होता.)

पहिल्याच आठवड्यातला एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. चौथाच डाव, हातात इस्पिक आणि किलवरचा एक्का. 221 डावांत सरासरी एकदा लागणारी जोडी. माझ्या आधी दोघे नुसते 20 टाकून आत आले होते. मी मामांसारखा गप्प. मीही 20 टाकले. ब्लाइंडवाले दोघेही आतच होते, म्हणजे पाच जण आणि पॉट (मधे जमलेले चिप्स) 100. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत, बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर दुर्री. मोठ्या ब्लाइंडवाल्याने 60 टाकले, मी 200 केले, तो ऑल-इन, म्हणजे होते तेवढे सगळे चिप्स पुढे. मी विचारही केला नाही, एक्के आहेत म्हटल्यावर कसला विचार! त्याने नव्वी-अठ्ठी दाखवली, दोन जोड्या. पुढच्या दोन पानांत मला काही लागलं नाही. चुलीवरचं दूध तापायच्या आत मी स्पर्धेबाहेर.

नशीब फुटकं म्हणून मी मावसभावाला फोन केला. दादा पुण्याला नोकरीला, गेली काही वर्षं मन लावून पोकर खेळतो. तो म्हणाला, "नशिबाला कशाला शिव्या देतोस? तू त्याला फुकट फ्लॉप दाखवलास. नव्वी-अठ्ठी घेऊन तो शंभर चिप्स देऊन आला असता का?"

पुढच्या रविवारी तो नाशिकला आला तेव्हा मिसळ येईपर्यंत त्याने टिश्यू पेपरवर आकडे मांडले. समोरच्यांची पानं कशीही असू शकतात असं धरलं, तर एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध शंभरात 85 वेळा जिंकते, चौघांविरुद्ध फक्त 56 वेळा. तीन पत्तीतली ट्रेल वाटतानाच पूर्ण झालेली असते, नंतर पान येत नाही, म्हणून ती लपवली तरी चालते. पोकरमध्ये अजून पाच पानं यायची असतात, आणि आत जितके जास्त, तितकं त्यातलं एखादं पान कुणाच्या तरी कामाचं. चांगली पानं आली की आधी गर्दी कमी करायची. त्याचा साधा नियम: मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, आणि नुसता कॉल करून (ब्लाइंडएवढेच टाकून) आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड. माझ्या त्या डावात 60 अधिक 40, म्हणजे 100. "आणि ₹55 च्या टेबलावर लोक शंभरलाही येतात, तर तू 120 कर," तो पापड मोडत म्हणाला.

दुसरी गोष्ट मात्र मला पटायला वेळ लागला. मी म्हटलं, सुरुवातीलाच ऑल-इन होऊन चिप्स दुप्पट केले तर काम सोपं नाही का? त्याने पुन्हा पेन काढलं. सुरुवातीला माझ्या 1500 चिप्सची किंमत ₹50. एकाला उडवून 3000 केले तर किंमत ₹100 व्हायला हवी, पण होते साधारण ₹91. कारण सगळ्यांचे सगळे चिप्स जिंकले तरी पहिल्याला 450 पैकी 225 च मिळतात, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्याचे. हरलो तर मात्र पूर्ण ₹50 जातात. म्हणजे नाण्याच्या छापा-काट्यावर सगळे चिप्स लावणं सुरुवातीला तोट्याचं, जिंकण्याची शक्यता निदान शंभरात 55 तरी हवी. तर्रीचे डाग पडलेला तो टिश्यू मी घडी करून पाकिटात ठेवला होता. बायकोने पँट धुताना तो गेला.

मग वही केली. ब्लाइंड वाढत जातात त्यातल्या पहिल्या तीन पातळ्यांत, म्हणजे पंचवीस-तीस डावांत, मोठी पानं आली की काय केलं आणि काय झालं, एवढंच लिहायचं. साठ स्पर्धांत एक्क्यांची जोडी आठ वेळा दिसली. आठही वेळा रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली. चार वेळा सगळे पॅक झाले आणि मला नुसते ब्लाइंड मिळाले. मामा असते तर कपाळाला हात लावला असता. मलाही वाईट वाटायचं, खोटं का बोलू.

एक्का-राजाने सर्वांत जास्त छळलं. दिसायला राजबिंडी पानं, पण जोडी नसते, आणि फ्लॉपवर तीनपैकी दोन वेळा काहीच लागत नाही. आधी मी असं कोरडं राहिलं तरी शेवटच्या पानापर्यंत पैसे ओतत राहायचो, समोरच्याकडे राण्यांची जोडी असेल तर आपण कुठे, हा प्रश्न डोक्यातच यायचा नाही. फ्लॉपच्या आधी सगळे चिप्स लावले तर राण्यांविरुद्ध एक्का-राजा शंभरात 43 ते 46 वेळाच जिंकतो, आणि आपल्याला हव्यात 55. आता रेझ करतो, एकच जण मागे आला तर फ्लॉपवर एकदा टाकून बघतो, ऐकला नाही तर सोडतो. गुलामांच्या जोडीचंही तसंच. शंभरात 57 वेळा फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का येतोच, आणि समोरून दोघेजण जोरात खेळायला लागले की गुलामांनी निमूट उठावं.

सोडायची सवय लागायला नाशिककर असल्याचा उपयोग झाला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण दुतोंड्या मारुती बघतो, गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती म्हणजे आमची पुराची मोजपट्टी. पाणी पायाशी असेल तर घाटावरच्या टपऱ्या सुरू असतात, छातीशी आलं की धावपळ. 1500 चिप्स आणि 20 चा ब्लाइंड म्हणजे पंचाहत्तर ब्लाइंड हातात, पाणी पायाशी. पुढे ब्लाइंड वाढून हातात दहाच उरतात तेव्हा धावपळ करावीच लागते, पण मी टपरी आधीच उचलून पळत होतो.

एका रात्री राण्यांची जोडी आली. मी 80 केले, पुढच्याने 260, त्याच्या पुढचा थेट ऑल-इन. दहा सेकंद घड्याळ बघत बसलो आणि टाकून दिल्या. दोघांनी दाखवलं: एकाकडे एक्का-राजा, दुसऱ्याकडे गुलामांची जोडी. टेबलावर पाचही पानं बारीक आली. राण्या जिंकल्या असत्या! रात्री सव्वा वाजता दादाला सगळं टाईप करून पाठवलं. सकाळी उत्तर आलं: "1420 उरले ना? मग झोपायचं होतंस." त्या स्पर्धेत मी सातवा आलो.

साठ स्पर्धांचा हिशोब सांगतो, कारण असल्या अनुभवांत लोक तो गाळतात. ₹3300 भरले, ₹2835 परत आले. पहिल्या वीसांत मी बहुतेक वेळा पहिल्या पंधरा मिनिटांतच बाहेर होतो, नंतरच्या चाळीसांत असं क्वचित झालं, पण शेवटच्या चौघांतली भीती हा वेगळाच आजार निघाला. शिवाय ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, त्यामुळे घरखर्चाला हातभार वगैरे कल्पना कुणी करू नये.

पुढे ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आला, 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि ती टेबलं बंद पडली. फुकटच्या चिप्सवर खेळून पाहिलं, पण तिथे पहिल्याच डावाला पाच जण ऑल-इन, तिथे एक्के काय आणि दुर्री काय. आता महिन्यातून एकदा गच्चीवर आम्ही पाच-सहा जण बसतो, चिप्स म्हणून चिंचोके. मागच्या वेळी मला पुन्हा इस्पिक-किलवरचे एक्के आले. मी आठ चिंचोके पुढे सरकवले. सगळे पॅक झाले, मला ब्लाइंडचे तीन चिंचोके मिळाले. दादा पानं गोळा करत म्हणाला, "घे, खळ कर त्याची."