तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या टूलला पैसे काऊन?

आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री-पोहे खाताना नवी मुलं हमखास विचारतात, "दादा, जे फुकट मिळते त्याले पैसे काऊन देता? आता तं एआय पाहिजे तो कोड लिहून देते." मी दर महिन्याला तीन ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पांना मिळून दीड हजार रुपये पाठवतो, हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं. बायकोही हेच विचारते, फक्त तिचा सूर वेगळा असतो.

माझा धंदा लहान. नागपुरात कळमन्याच्या बाजारातल्या अडत्यांसाठी पट्टीचं सॉफ्टवेअर करतो. संत्र्याची बोली झाली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: वजन, भाव, हमाली, तोलाई, उरलेली रक्कम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, माहिती साठवणारं एसक्यूलाइट आणि पीडीएफ बनवणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार कोड, एवढ्यावर सगळं चालतं. यातल्या कुणाचंही बिल मला आजवर आलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत, लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली आणि पट्टीवरचं 'शेतकऱ्याचे नाव' फाटलं. ऱ चा पाय मोडलेला, य त्याच्यापासून फटकून उभा. अडत्या म्हणाला, "साहेब, शेतकऱ्यालेच मोडलं ना तुम्ही!" मी तावातावानं लायब्ररीवाल्याला लिहिलं, गिऱ्हाइकं खोळंबलीत, आजच्या आज दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हे काम तो रात्री, मुलं झोपल्यावर करतो. आमची लिपी त्याला वाचता येत नाही. काय चुकलंय आणि बरोबर कसं दिसतं, तेवढं दाखवाल का?

लाज वाटली. त्या रात्री बसून सहा शब्दांची फाइल केली: शेतकऱ्याचे, दुसऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा आणि शेवटी आचार्यांना, आचाऱ्यांना. प्रत्येकापुढे बरोबर आकाराचं चित्र. शेवटच्या जोडीतला एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. फरक फक्त रफाराचा, हे समजावताना माझीच दमछाक झाली. अकरा दिवसांनी दुरुस्त आवृत्ती आली, आणि माझे सहा शब्द तिच्या चाचण्यांत कायमचे बसले. आता कुणीही काही बदललं तरी आधी 'वऱ्हाड' नीट उमटावं लागतं.

एआयचं म्हणाल तर मीही वापरतो. पण त्यानं लिहिलेला कोड शेवटी याच लायब्ररीला हाक मारतो.

आता एक्सझेडची गोष्ट. फाइली दाबून लहान करणारं हे साधन जगभरच्या लिनक्समध्ये आहे आणि ते वर्षानुवर्षं एकच माणूस, हौसेनं, सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे तगादा लागला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला कोड बदलायचे हक्क द्या. त्यानं मनाच्या आजारपणाचंही सांगून पाहिलं. मदतीला आलेल्या एकाला हळूहळू हक्क मिळाले आणि २०२४ मध्ये त्याच हातानं आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, तो खोदत गेला, म्हणून निभावलं. ही बातमी वाचताना मला माझाच तो तावातावाचा मेल आठवला. त्या तगाद्यात आणि माझ्यात फार अंतर नव्हतं.

सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही. क्रोम-अँड्रॉइडमध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझही ओपन सोर्सच, पण त्यावर मोठ्या कंपन्यांच्या पगारी माणसांनी काम केलंय. तिथे माझ्या पाचशे रुपयांचं काही अडलेलं नाही. एखादं साधन वर्षानुवर्षं निपचित पडलं असेल, तर ते सोडून दुसरं धरतो, उगाच गळा काढत नाही. पैसे जातात ते एकट्यानं रात्री बसणाऱ्यांकडे.

आणि पैसे नसतील तर? गेल्या आठवड्यात विचारणाऱ्या पोराला मी ती सहा शब्दांची फाइल दाखवली. त्यानं पोह्यावर आणखी तर्री ओतून घेतली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "यात गुऱ्हाळ नाही ना, दादा."

सातवा शब्द त्याच्याच नावानं पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही. तिकडे मुलं झोपली नसतील.