अर्धा सेकंद

29 मार्च 2024. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याच शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक्सझेड या फायली आकसून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमधला चोरदरवाजा शोधून काढला. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रकल्पात राबून विश्वास कमावला होता. कोड सगळ्यांसमोर, आणि घात मात्र चाचणीच्या फायलींत दडवलेला! मी हादरलो. पण फ्रॉइंडला आत शिरून बघता आलं, म्हणूनच तर हे सापडलं. आमच्या ऑफिसातलं हिशेबाचं बंदिस्त सॉफ्टवेअर संथ झालं, की मला फक्त कंपनीला फोन लावता येतो.

त्या रात्री एकेक सर्व्हर तपासला. सगळीकडे डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आणि एक्सझेड 5.4.1, म्हणजे चोरदरवाजाच्या आधीची आवृत्ती. मग झोप लागली.