कारंजा-आष्टीकडे चाऱ्याचे आणि शेणाचे नमुने : चार दिवसांचा वृत्तांत

जानेवारीचा तिसरा आठवडा. संक्रांत होऊन गेलेली, तुरीचं खळं चालू, सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या काड्या-टरफलांचे ढीग कोठ्याशेजारी (गोठ्याला इकडे कोठा म्हणतात) ताडपत्रीखाली झाकलेले. मी पशुपोषण विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते आणि माझं काम आहे घरच्या चाऱ्यातला किती भाग गाय खरोखर पचवते हे मोजायचं. त्यासाठी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा आणि आष्टी तालुक्यांत चार दिवस फिरले. सोबत एक वर्गमैत्रीण आणि तिची मोटरसायकल. पुढच्या वर्षी आमच्या मागून कुणीतरी याच कामाला जाईल, त्याच्यासाठी हे लिहितेय.

नागपूरहून कारंजा घाडगे अमरावती रस्त्यावरच आहे, एसटी भरपूर. तळेगावच्या फाट्यावरून एका अंगाला आर्वी, दुसऱ्या अंगाला आष्टी. आतल्या गावांना मात्र स्वतःचं वाहन हवं. बोर व्याघ्रप्रकल्पाचं जंगल जवळ आहे, म्हणून उजाडायच्या आधी आडवाटेनं जाऊ नका. आम्ही कारंज्यात मुक्काम केला आणि रोज साडेसहाच्या सुमारास गावात पोचायचो. दहाच्या आत घरची माणसं वावरात जातात, आणि गोठा रिकामा असला की तुमचा दिवस रिकामा.

पहिल्या सकाळी मी ज्या चुकीनं दिवस घालवला ती आधी सांगते. शेणाचे पाच नमुने घेतले, पाचही कोठ्याच्या जमिनीवरून उचलून. जमीन मातीची, शेणानं सारवलेली. संध्याकाळी पिशव्या उघडल्या तेव्हा हातातल्या शेणात खडे लागले आणि पोटात गोळा आला.

का, ते समजून घ्या, कारण या कामाचं सगळं गणित इथे आहे. चाऱ्यात वाळूसारखी सिलिका असते. जाळून उरलेली राख आम्लात उकळली तरी ती विरघळत नाही. गाईला ती पचत नाही, जेवढी आत गेली तेवढी बाहेर येते. बाकीचा चारा पचून नाहीसा होतो, म्हणून शेणात तिचं प्रमाण वाढलेलं दिसतं. चाऱ्याच्या सुक्या वजनात ही राख 2 टक्के आणि शेणाच्या सुक्या वजनात 4 टक्के निघाली, तर अर्धा चारा पचला असं धरायचं. व्हॅन क्यूलन आणि यंग यांनी 1977 मध्ये ही रीत नीट तपासून मांडली. गाईला पिंजऱ्यात उभी करून दिवसभराचं शेण तोलत बसावं लागत नाही, म्हणून गावात काम करणाऱ्यांना ती फार उपयोगाची. पण शेणात कोठ्याची माती मिसळून 4 चे 5 टक्के झाले, की तोच हिशेब 50 वरून 60 टक्क्यांवर जातो. शंभर ग्रॅम सुक्या शेणात जेमतेम एक ग्रॅम माती, आणि गाय कागदावर दहा टक्के जास्त चारा पचवायला लागते. पाचही नमुने मी फेकले.

दुसऱ्या दिवसापासून घमेलं घेऊन गाईमागे उभं राहायचं ठरवलं. गाय उठली की बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत शेण टाकते, त्यामुळे धार काढायला उठवायच्या वेळेला हजर असा. घमेलं जमलं नाही तर पडलेल्या शेणाच्या पोवाचा फक्त वरचा थर चमच्यानं घ्या, खालचा अर्धा सोडून द्या. एकाच वेळचं शेण पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून निदान तीन दिवसांचं एकत्र करा. म्हणजे एका गावात टिकून राहावं लागतं, दहा गावं पालथी घालून चालत नाही.

एका घरी म्हाताऱ्या काकूंनी घमेलं पाहून विचारलं, "शेन काहाले पायजे वो तुमाले?" मी सांगितलं, गाय किती पचवते ते यातून कळते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कुटारानं पोट भरते माय, दूध कोठून येईन?" आमच्या अख्ख्या अभ्यासक्रमाचा एक मोठा धडा त्यांनी एका वाक्यात सांगितला होता. गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात चारा पचवतात ते कोट्यवधी सूक्ष्मजीव. त्यांना वाढायला नत्र लागतं, ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. चाऱ्यात प्रथिनं साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की सूक्ष्मजीव उपाशी राहतात, काड्या पोटात जास्त वेळ पडून राहतात, आणि पोट भरलेलं असल्यामुळे गाय पुढचं खातही नाही. गाय भरल्या पोटी उपाशी राहते. काकूंनी हे अनुभवातून ओळखलं होतं, आणि मूठभर सरकी ढेप कुटारावर का टाकायची हेही. ढेपेतलं नत्र मिळालं की कुटारही जास्त पचतं. ढेप फक्त तिच्या स्वतःच्या ताकदीपुरती मोजणं चूक आहे.

चाऱ्याच्या नमुन्याची गोष्ट शेणाहून अवघड निघाली. "किती टाकता?" विचारलं की उत्तर येतं, "दोन टोपले." त्याच टोपल्यात सोयाबीनचं कुटार सव्वादोन किलो भरलं आणि तुरीचं तीन किलोच्या जवळ. हात दाबून भरलं की आणखी वेगळं. म्हणून लटकवायचा काटा सोबत ठेवाच, आणि रोज जो माणूस टोपलं भरतो त्याच्याच हातानं भरून घ्या. बहुतेक घरांत तो हात बाईचा असतो. ओसरीवर भाऊंना विचारलेला आकडा आणि कोठ्यात वहिनींनी भरलेलं वजन यांत मला दोन घरी जवळपास दुपटीचा फरक दिसला. प्रश्न कोठ्यात विचारा, आणि वहिनींनाच विचारा. रथसप्तमीपर्यंत दुपारनंतर हळदीकुंकू असतं, तेव्हा त्यांना अडवू नका. आम्हाला मात्र घरोघरी तिळगूळ आणि चहा मिळाला, आणि कामाची खरी बोलणी तिथेच झाली.

गाय सगळं खात नाही, हे आणखी महत्त्वाचं. तुरीच्या कुटारातली पानं, शेंगांची टरफलं ती जिभेनं निवडून खाते आणि जाड काड्या गव्हाणीत सोडते. ढिगातून नमुना घेतलात आणि उरलेलं पाहिलं नाहीत, तर गाईच्या पोटात न गेलेल्या काड्याही तुम्ही हिशेबात धरता. सकाळी गव्हाण झाडायच्या आधी उरलेलं तोला, त्याचाही नमुना घ्या. ढिगातला नमुना आठ-दहा ठिकाणांहून, वरचा ओला थर सोडून, आत हात घालून. सोयाबीनच्या कुटारात कापणीची माती असते, ती झटकू नका. गाय ती खाते, म्हणून ती हिशेबात असायला हवी. हिरवा चारा दिलेला असेल तर तिथल्या तिथे तोला, दुपारपर्यंत त्याचं पाणी उडून वजन बदलतं. पिशव्या कागदी किंवा कापडी घ्या. माझ्या मैत्रिणीनं ओलसर ढेपेचा तुकडा प्लास्टिकमध्ये बांधला होता, दुसऱ्या दिवशी त्याला बुरशीची पांढरी लव आली होती. चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहा, शाई शेणाच्या ओलीनं पसरते.

वजनकाटा गाईला मिळत नाही, फीत मिळते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. गवळाऊ या इथल्या जातीच्या एका गाईचा घेर 60 आणि लांबी 52 आली, वजन साधारण 284 किलो. तिला दिवसाला सुकं वजन धरून अडीच टक्के, म्हणजे सात किलोच्या आसपास लागतं. ही गाय किती खाते ते तोललं तेव्हा उरलेल्या काड्या वजा जाता साडेपाच किलो भरलं. मालकाला वाटत होतं, टोपलं दोनदा भरतो म्हणजे भरपूर.

गवळाऊबद्दल थोडं. पांढरीशुभ्र, सडपातळ, चपळ जात, आर्वी-कारंजा-आष्टी हेच तिचं माहेर. नंदगवळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगलकाठी चारून ती टिकवली. हेटीकुंडीला सरकारी प्रजनन केंद्रही आहे. मला त्यांच्या कळपांचा अभ्यास करायचा होता आणि तोच करता आला नाही. चरायला जाणारी गाय दिवसभरात काय आणि किती खाते, किती माती गिळते, याचा हिशेब या राखेच्या रीतीत बसत नाही. ही रीत वापरायची तर बांधून खाऊ घातलेलीच गाय घ्या. कळपासाठी वेगळी पद्धत आखावी लागेल, आणि ती कुणीतरी आखायलाच हवी, कारण या गाईबद्दल मोजून काढलेले आकडे कमी आहेत.

शेवटच्या दिवशी एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, गव्हांड्यावर (गव्हाच्या काडावर) युरिया शिंपायचा का? गव्हांडा किंवा धानाचं तणस (भाताचा पेंढा) यासाठी ही प्रक्रिया जुनी आणि खात्रीची आहे. 100 किलोला 4 किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून, थर दाबून, हवाबंद करून 21 दिवस ठेवायचं. युरियाचे खडे राहिले किंवा गाय पाण्यातून तो प्यायली तर विषबाधा होते, म्हणून नुसतं तोंडानं सांगून निघू नका. मी त्याला जवळच्या पशुवैद्यकांसमोर पहिला ढीग लावायला सांगितलं, आणि तुरी-सोयाबीनच्या कुटाराला त्याचा फारसा फायदा नाही हेही.

निघताना काकूंनी आमच्या काट्यावर आपलं टोपलं पुन्हा एकदा तोलायला लावलं. कोळशानं कोठ्याच्या भिंतीवर तुरीचं आणि सोयाबीनचं वजन लिहून घेतलं. हरभऱ्याचं कुटार मार्चमध्ये निघेल, तेव्हा काटा घेऊन ये म्हणाल्या.