पांढरी सहा आणि १२४ बीपीएम: माझा पहिला हाऊस ट्रॅक

संगीत तयार करायला शिकायचं असेल तर नवशिक्याने हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतापासून सुरुवात करावी, असं मला अगदी मनापासून वाटतं. चार मात्रांचा बार, प्रत्येक मात्रेवर किक म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, आणि वेग साधारण १२० ते १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या मात्रांच्या, दरम्यान. पाया इतका स्पष्ट असतो की काय कमी पडतंय ते लगेच ऐकू येतं. माझ्याकडे एक लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एफएल स्टुडिओ या संगीत तयार करायच्या सॉफ्टवेअरची ट्रायल एवढंच सामान होतं. ट्रायलमध्ये सगळं वाजतं, गाणं एक्स्पोर्टही होतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही. त्यामुळे आधी तिच्यावर हात बसवला आणि मग सॉफ्टवेअर विकत घेतलं.

आवाज कुठले घ्यायचे हा पहिला प्रश्न. इंटरनेटवर हजारो सॅम्पल (रेकॉर्ड केलेले छोटे आवाज) पडलेली असतात आणि त्यांत संध्याकाळच्या संध्याकाळ निघून जाते. मी सरळ टीआर-९०९ या जुन्या ड्रम मशीनच्या आवाजांवर थांबलो. त्यामागे इतिहास आहे. शिकागोत १९७७ मध्ये ‘द वेअरहाऊस’ हा क्लब सुरू झाला, तिथे डीजे फ्रँकी नकल्स डिस्कोच्या रेकॉर्ड वाजवत असे, आणि या संगीताचं नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. रोलंड कंपनीने १९८३ मध्ये टीआर-९०९ काढलं. ते फारसं खपलं नाही, थोड्याच काळात बंद पडलं आणि जुन्या बाजारात स्वस्त मिळू लागलं. ज्या पोरांना महागडा स्टुडिओ परवडत नव्हता त्यांनी तेच उचललं. आज लॅपटॉपवर हाऊस करणाऱ्या प्रत्येकावर त्या शिकागोच्या पोरांचे उपकार आहेत. ९०९ ची किक आणि क्लॅप मशीनच्या आतल्या सर्किटमधून तयार होतात, हॅट मात्र खऱ्या झांजेच्या रेकॉर्डिंगवरून घेतलेली आहे. तिला येणारी किंचित खरखर पुढे या संगीताची ओळखच झाली.

एफएल स्टुडिओत एका बारचे १६ चौकोन समोर दिसतात. किक १, ५, ९ आणि १३ वर. क्लॅप ५ आणि १३ वर. उघडी हॅट ३, ७, ११ आणि १५ वर, म्हणजे दोन किकच्या बरोब्बर मध्ये. एवढं केलं की हाऊस वाजायला लागतं, खरंच. पण ते तेव्हा ताठ वाजतं. मग मी बंद हॅट सोळाही चौकोनांत भरली आणि एकेकीचा जोर कमी-जास्त करत बसलो. मात्रेवरची मध्यम, नंतरची अगदी हलकी, मधली जरा ठळक, पुन्हा हलकी. त्यावर स्विंगचा खटका थोडा फिरवला. त्याने दर दुसरा चौकोन कणभर उशिरा वाजतो. ठेका एकदम डुलायला लागला. ज्यांचे कान तबला-ढोलकी ऐकून तयार झालेत त्यांना हा कणभर उशीर लगेच कळतो, स्विंगचा आकडा किती ठेवायचा ते कुणाला विचारावं लागत नाही.

कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, बाबतीत मला घरूनच मदत मिळाली. बाबा भजनात पेटी वाजवतात, त्यामुळे स्वर मला आधी पेटीवर दिसतात. मी पांढरी सहाचा सा धरला, म्हणजे पाश्चात्य पद्धतीत ए. हाऊसमध्ये जिचा भरपूर वापर होतो ती मायनर नाइन्थ कॉर्ड आपल्या भाषेत सांगायची तर सा, कोमल ग, प, कोमल नी आणि वरचा शुद्ध रे. हा रे नसेल तर कॉर्ड नुसती उदास वाटते, तो आला की तिच्यात हवा खेळते. खालचा सा मी कॉर्डमधून काढून टाकला, कारण तो बेसला, म्हणजे तळाच्या खालच्या सुरांना, द्यायचा होता. दोघांनी तोच स्वर धरला की तळाशी चिखल होतो.

एका रात्री बेस बंद ठेवून नुसत्या कॉर्ड वाजवत होतो तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

“याचा सा कुठाय?”

मी बेस चालू केला. त्यांनी दोन आवर्तनं ऐकली, मान हलवली.

“आता बसलं. पण एकाच जागी का? जरा फिरव की.”

ते म्हणाले तसंच केलं. ती कॉर्ड जशीच्या तशी उचलून एक स्वर खाली, पांढरी पाच म्हणजे पाश्चात्य ‘जी’ या स्वरावर नेली आणि दर चौथ्या बारला तिथे जाऊन परत यायची सोय केली. अशाने सप्तकाबाहेरचा एखादा स्वर आत शिरतो, आणि या संगीतात तो हवाच असतो. जुने लोक सॅम्पलर या यंत्रात एकच कॉर्ड रेकॉर्ड करून कीबोर्डवर खाली-वर वाजवायचे, म्हणून आकार तोच राहून फक्त पट्टी बदलायची. त्या सोयीतूनच हाऊसची एक खास चव तयार झाली.

बेस आणि किक यांचं जमवणं हे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं काम. खालचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ, आणि किकचा तळही त्याच आसपास. दोघं एकाच क्षणी वाजले की एकमेकांना खातात. त्याला दोन उपाय केले. पहिला, बेसचे स्वर शक्यतो दोन किकच्या मधल्या जागेत ठेवले. दुसरा साइडचेन: किक वाजली की कॉम्प्रेसर बेसला क्षणभर दाबतो आणि लगेच सोडतो. १२४ बीपीएमला एक मात्रा साधारण ४८४ मिलिसेकंदांची. बेस वर यायला १५० ते २०० मिलिसेकंद दिले तर पुढची किक येण्याआधी तो पूर्ण श्वास घेऊन मोकळा होतो. हा आकडा फार छोटा ठेवला तर खट् असा आवाज येतो, फार मोठा ठेवला तर बेस वर येतच नाही. डोळे मिटून बटण फिरवावं, योग्य जागी मान आपोआप हलते.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र माझा बेस गायब व्हायचा. एवढासा स्पीकर ५५ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. बेसवर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित खरबरीत करणारा इफेक्ट, टाकलं की ११०, १६५ असे वरचे स्वरांश तयार होतात आणि त्यांवरून कान खालचा स्वर ओळखतो.

इथवर आठ बारचा छान लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, तयार झाला. तो तासन्‌तास ऐकत राहावा असा होता, आणि खरी अडचण तीच होती. नवशिक्यांच्या फोल्डरमध्ये असे डझनावारी लूप पडून असतात. मी आवडीचा एक ट्रॅक लावला आणि वहीत आठ-आठ बारचे चौकोन पाडून प्रत्येकात काय वाजतंय ते लिहीत गेलो. किक कधी आली, क्लॅप कधी, बेस कुठे थांबला. पान भरल्यावर ट्रॅकचा सांगाडा समोर होता. मग माझा लूप १९२ बारभर एका ओळीत पसरला, म्हणजे जवळपास सहा मिनिटं बारा सेकंद, आणि पुसायला लागलो. पहिल्या ३२ बारमध्ये किक आणि हॅट, अर्ध्यावर क्लॅप. मग बेस. ६५ पासून कॉर्ड, पण वरचा आवाज कापणाऱ्या फिल्टरखाली दबलेल्या. फिल्टर ३२ बार हळूहळू उघडत जातो. ९७ ला किक पूर्ण बंद, नुसत्या कॉर्ड आणि त्यांची प्रतिध्वनी. ११३ ला सगळं एकत्र. शेवटी आले त्याच क्रमाने एकेक वाद्य उतरत जातं. शिवाय दर आठ बारांनी काहीतरी बदलायलाच हवं, मग ती नवी शेकर असो की शेवटच्या मात्रेवर गाळलेली एक किक. त्या एका गाळलेल्या किकमुळे पुढची सम जी आदळते, तिला तोड नाही.

मिक्सिंगमध्ये फार शिरलो नाही. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही कानांत सारखं), कॉर्ड आणि हॅटमधला नको तो तळ कापला, आणि मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात तिथे, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंतच राहू दिला.

ट्रॅक २४ बिट वेव्ह फाइल करून एका डीजे मित्राला पाठवला. त्याने तो दुसऱ्या दोन ट्रॅकमध्ये मिसळून पाहिला आणि फोन केला. “सुरुवात झकास आहे, ३२ बार नुसता ठेका असल्यामुळे आरामात मिक्स होतो. पण मधला भाग लोकांना थंड करेल, १६ चे ८ कर. आणि शेवटी बेस लवकर काढ, पुढच्या ट्रॅकच्या बेसशी भांडतो.”

तो मधला भाग, म्हणजे ब्रेक, आठ बारांवर आणला, बेस १६ बार आधी उतरवला. फोनवर ऐकताना फरक जाणवला नसता. पण त्याच्या घरी मोठ्या स्पीकरवर दोन्ही आवृत्त्या लागोपाठ लावल्या तेव्हा दुसरी सरळ पुढे निघून गेली. ड्रमचे सगळे आवाज मी वेगळ्या टेम्प्लेटमध्ये साठवून ठेवलेत. पुढचा ट्रॅक पांढरी चारमध्ये सुरू केलाय, १२२ बीपीएमवर, आणि या वेळी बाबांची पेटी रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्ये भरायची आहे.